मागच्या तारखेचं इतिवृत्त

महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ४८ फ्लॅटच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत अडीच वर्षांपूर्वी 'दुसरं कोणीच तयार नाही' म्हणून त्या सेक्रेटरी झाल्या. नोकरी सांभाळून लिफ्टवाल्याला फोन, टँकर, वॉचमनची रजा, मेंटेनन्सची बिलं, सगळं त्याच बघतात. मागच्या पावसाळ्याआधी गच्ची गळत होती म्हणून साडेसहा लाखांचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, बऱ्याच जणांनी 'हो, करून टाका' म्हटलं आणि काम सुरू झालं. सभा झाली नाही. पैसे कमी पडले तेव्हा सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीची) एक ठेव मोडली. ठेकेदाराला थोडी रक्कम रोख दिली. आता एका ज्येष्ठ सभासद काकांनी या कामाचा ठराव, कोटेशनं आणि व्हाउचर्स लेखी मागितली आहेत. अध्यक्ष म्हणतात, 'मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहून टाका, विषय मिटेल.' (इतिवृत्त म्हणजे सभेच्या कामकाजाची लेखी नोंद.) ताई लिहितात, 'मी एक पैसा खाल्ला नाही, तरी चोर ठरतेय. झोप लागत नाही. सरळ राजीनामा द्यावा असं वाटतं. काय करू?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमची दमणूक दिसली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नजर अध्यक्षांच्या त्या एका वाक्यावर अडकली. म्हणून सुरुवात तिथूनच करते. मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहू नका. कोणी कितीही गळ घातली तरी लिहू नका. आतापर्यंत तुमच्या हातून जे झालं ती कामाच्या पद्धतीतली चूक आहे. जी सभा झालीच नाही तिचं इतिवृत्त लिहिलंत तर तो खोटा कागद होईल आणि त्याखाली सही तुमची असेल. पद्धतीतली चूक सभेपुढे ठेवून निस्तरता येते. खोटा कागद एकदा रजिस्टरात गेला की तो झाकायला दुसरा खोटा कागद लागतो, मग तिसरा. शिवाय ४८ घरांत कोणाला ना कोणाला आठवतंच, की त्या रविवारी आपण सगळे गावाला होतो, सभा कुठली?

पुढचं जरा कठोर वाटेल, पण तुमच्याच बाजूने लिहिते आहे. काकांनी जे मागितलं ते बरोबर मागितलं आहे.

पत्रात तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय की तुम्ही पैसे खाल्ले नाहीत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण काकांच्या अर्जातला जो मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात त्यात पैसे कोणी खाल्ले असा शब्दच नाही. 'सदर कामास सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतल्याचा ठराव पाहावयास मिळावा,' एवढंच त्यांनी लिहिलंय. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं, ही समजूत आपण घरातून घेऊन येतो. घरात ती चालते, कारण घरात पैसे आणि विश्वास एकाच डब्यात ठेवलेले असतात. सोसायटी ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था आहे. तिथे सेक्रेटरी कितीही सज्जन असली तरी तिच्या सज्जनपणावर कारभार चालू नये, अशीच रचना केलेली आहे. उद्या तुमच्या जागी कोणी लबाड माणूस बसला तर त्याला अडवणारे कागद हेच. ते कागद ठेवायची सवय तुमच्यासारख्या प्रामाणिक बाईनेच मोडली, तर त्या माणसाची सोय होईल.

सभासदाला काय पाहता येतं, हेही स्पष्ट असू द्या. उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम), लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. ठेकेदाराची व्हाउचर्स त्या यादीत थेट बसतात की नाही यावर एखादा वकील वाद घालू शकेल. तुम्ही तो वाद घालू नका. गच्ची त्यांच्याही डोक्यावरची आहे. दाखवा.

आता त्या कामात नेमकं काय चुकलं ते पाहू, कारण 'माझं काहीतरी चुकलंय' या मोघम भीतीपेक्षा चुकीचं नाव कळलेलं बरं.

पहिली गोष्ट मंजुरीची. कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याची मर्यादा तुमच्या उपविधीत सभासदसंख्येनुसार दिलेली असते. ४८ सभासदांच्या सोसायटीत साडेसहा लाख त्या मर्यादेच्या बरेच वर जातात. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा होता, आणि सभेपुढे ठेवायला दोन-तीन कोटेशनं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार ठरावाची जागा घेत नाही. त्या ग्रुपवर भाडेकरू असतात, एकाच फ्लॅटचे नवरा-बायको दोघंही असतात, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही असे सभासद मुळात नसतातच. कोण सभासद, कोणाला मत, विरोध कोणी केला, यातलं काहीच तिथे ठरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते, आणि पत्रात ती तुम्ही एका ओळीत उरकली आहे. सिंकिंग फंडाची ठेव. हा फंड दर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) वर्षाला किमान ०.२५ टक्के या दराने गोळा होतो, आणि तो पुनर्बांधणी, इमारत मजबूत करायची बांधकामं किंवा वास्तुविशारदाने दाखला दिलेली मोठी दुरुस्ती यांसाठी राखलेला असतो. तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच वापरायचा. नेहमीच्या दुरुस्तीसाठी वर्षाला किमान ०.७५ टक्के दराने वेगळा दुरुस्ती निधी असतो. तुमच्याकडे तो जमा होत नसेल किंवा मेंटेनन्समध्येच मिसळून जात असेल, तर गच्चीसाठी पैसे कमी का पडले याचं उत्तर तिथे सापडेल. कमी पडले म्हणून ठेव मोडणं ही तुमची एकटीची चूक नाही. बँकेत एका सहीवर ठेव मोडता येत नाही. दुसरी सही ज्यांनी केली त्यांनीही विचारायला हवं होतं.

तिसरी गोष्ट, रोख दिलेली रक्कम. पावती घेतली असेल तर ती शोधा. नसेल तर ठेकेदाराकडून आजच्या तारखेची पोच घ्या, 'अमुक महिन्यात एवढी रक्कम रोख मिळाली' अशा शब्दांत. इथेही मागची तारीख नको. आणि एवढ्या मोठ्या ठेक्यावर टीडीएस (बिलातूनच घ्यायचा प्राप्तिकर) कापून भरायचा असतो: ठेकेदार एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. तो कापला होता का, हे आजच लेखापरीक्षकांना विचारा. राहिला असेल तर उशिराचं व्याज भरून निस्तरता येईल. जितका उशीर तितकं व्याज वाढत जाईल.

हे सगळं वाचून पोटात गोळा आला असेल. पण मार्ग सरळ आहे, फक्त तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचा आहे. येत्या आठवड्यात कमिटीची सभा बोलवा. (कमिटीने महिन्यातून किमान एकदा भेटायचंच असतं. तुमच्याकडे शेवटची सभा कधी झाली, हे पत्रावरून मला कळलं नाही आणि ते न कळणंही बोलकं आहे.) त्या सभेत काय झालं ते जसंच्या तसं, आजच्या तारखेने लिहून घ्या: काम तातडीचं होतं, ठराव झाला नाही, ठेव मोडली, एवढी रक्कम रोख दिली. मग विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली जी संख्या कमी असेल ती धरतात, म्हणजे तुमच्याकडे २० जण पुरे. विषयपत्रिकेवर स्वच्छ शब्दांत लिहा, 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी आणि सिंकिंग फंडातून वापरलेली रक्कम पुन्हा भरण्याबाबत.' 'आयत्या वेळचे विषय' या ओळीत हे लपवू नका. नोटिशीबरोबर खर्चाचं एक पान सगळ्यांच्या हाती द्या.

सभेत तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. अध्यक्षांनी सांगितलं तर उत्तमच, पण त्यांची वाट पाहू नका. सभा मंजुरी देईलच असं मी म्हणणार नाही. काही जण बोलतील, एखादा आवाज चढवेल, कदाचित खर्चाची स्वतंत्र तपासणी व्हावी असाही ठराव येईल. आला तर त्याला तुम्हीच अनुमोदन द्या. गच्ची या पावसाळ्यात गळली नाही हे ४८ घरांना दिसलेलं आहे, आणि कागद उघडे करून समोर उभ्या असलेल्या बाईशी लोक सहसा न्यायाने वागतात. सभा आणि जाहीर कबुली यांची धास्ती घेऊन लोक जे कारभार वर्षानुवर्षं दडपून ठेवतात, ते शेवटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या टेबलावर जातात. तिथे मग शेजारधर्म उरत नाही.

आता राजीनामा. तो द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अडीच वर्षं रोजचे दोन तास एखाद्या कामाला दिल्यावर थकवा येणं यात कसलाही कमीपणा नाही. फक्त दोन गोष्टी आधी समजून घ्या. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी कमिटीतल्या सगळ्यांवर एकत्रित आणि वैयक्तिकही असते. राजीनाम्याने पुढचं काम थांबेल, मागच्या निर्णयातला तुमचा वाटा मिटणार नाही. आणि त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की हा डाग तुमच्या एकटीच्या पदराला नाही. तुमच्या आकाराच्या सोसायटीत कमिटी ११ जणांची असते. पत्रात मला दोघंच भेटले, तुम्ही आणि अध्यक्ष. बाकीचे कुठे आहेत? खजिनदार कोण आहेत? आज राजीनामा टाकलात तर 'बघा, पळाली' म्हणायला हीच मंडळी पुढे असतील. सभा घ्या, हिशेब मांडा, आणि त्यानंतरच्या कमिटी सभेत राजीनामा द्या. तो कमिटीने स्वीकारावा लागतो आणि यादी करून कार्यभार सोपवावा लागतो. त्या यादीवर दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत घरी आणलीत की तुम्ही खऱ्या अर्थाने मोकळ्या.

पण सोडण्याआधी एक विचारते. तुम्ही सेक्रेटरीच्या कामाला कंटाळला आहात, की सेक्रेटरीचं नसलेलं काम करून थकला आहात? उपविधीत सेक्रेटरीची कामं लिहिलेली आहेत: सभांच्या नोटिसा काढणं, इतिवृत्त लिहिणं, नोंदवह्या ठेवणं, बिलं आणि मागणीपत्रं देणं, शेअर सर्टिफिकेट देणं, इमारतीची पाहणी करणं, उपविधींचा भंग झाला तर कमिटीच्या नजरेला आणणं. रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा आणि चौथ्यावरच्यांचा खुर्च्या सरकवण्यावरून झालेला वाद सोडवणं त्यात कुठेच नाही. ताई, तुमच्या पत्रात मला सगळी न लिहिलेली कामं दिसली आणि लिहिलेल्यांपैकी जवळपास एकही दिसलं नाही. चूक दाखवायला हे लिहीत नाही. बहुतेक सोसायट्यांत असंच होतं, कारण टँकर आला नाही तर अर्ध्या तासात बोंब होते आणि इतिवृत्त लिहिलं नाही तर कोणाला पत्ताही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीची खजिनदार झाले. पहिल्या रविवारी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जुन्या लिफ्टच्या किल्ल्या, सुकलेलं शाईचं पॅड, सोसायटीचा गोल शिक्का. मधल्या कप्प्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत शेअर सर्टिफिकेटं. 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही उघडली, तर शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची, निळ्या शाईत. त्यानंतर चार फ्लॅट विकले गेले होते. त्या चारही घरांतली माणसं दर महिन्याला मेंटेनन्स भरत होती, सणाला वर्गणी देत होती, आणि वहीत अजून जुन्या मालकांचीच नावं होती. त्यातल्या एका आजींनी आपल्या सर्टिफिकेटची मागची बाजू मला दाखवली. हस्तांतराची नोंद जिथे असते तो चौकोन कोरा होता. 'म्हणजे मी इथली नाहीच का?' त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. एक ओळ लिहायची राहून गेली होती, बाकी काही नाही, पण ती ओळ त्या आजींचं घर होतं. तेव्हापासून मी नोंदवह्यांना कारकुनी म्हणत नाही.

पुढच्या महिनाभरात आम्ही सगळ्या वह्या लिहून काढल्या आणि कपाटाच्या दाराला आतून वर्षाचा एक कागद चिकटवला. तुम्हीही चिकटवा. जानेवारी आणि जुलै: परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणेची तपासणी आणि नमुना 'ब'चं प्रमाणपत्र. ३१ मार्च: हिशेब बंद. ३१ जुलैपर्यंत: लेखापरीक्षण. ३० सप्टेंबरपर्यंत: वार्षिक सर्वसाधारण सभा, चौदा पूर्ण दिवसांच्या नोटिशीने. लेखापरीक्षणाचा अहवाल हाती आल्यापासून तीन महिन्यांत 'ओ' नमुन्यात दोषदुरुस्तीचा अहवाल. लिफ्टची तपासणी, विम्याचं नूतनीकरण, टाक्यांची सफाई यांच्या तारखा त्याखाली. इमारत १५ वर्षांची झाली असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण. तसा अहवाल हाताशी असता तर गच्चीचं काम कदाचित दोन वर्षं आधी दिसलं असतं, आणि तातडी हे कारण कोणाला देता आलं नसतं.

हा कागद दारावर आला की कामं वाटता येतात. 'सेक्रेटरीला मदत करा' म्हटलं तर कोणी पुढे येत नाही. 'अग्निशमन आणि लिफ्ट हे दोन विषय वर्षभर तुमचे, वर्षाला चार तारखा,' असं म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरचा तो अबोल इंजिनिअरही हो म्हणतो. बिलं आणि हिशेब लिहायला पगारी लेखनिक ठेवा. त्याची तरतूद सभेत अंदाजपत्रकात मंजूर करून घ्या, म्हणजे पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची वेळ येणार नाही. रात्रीच्या फोनांसाठी एक तक्रारवही गेटवर ठेवा. पाण्याचं आणि लिफ्टमध्ये अडकल्याचं सोडून बाकी सगळं त्या वहीत. पहिले पंधरा दिवस लोक नाराज होतील. होऊ द्या.

आणि थकबाकी, ज्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात. दोन घरांनी वर्षभर मेंटेनन्स भरला नाही आणि 'शेजारी आहेत, कसं बोलायचं' म्हणून तुम्ही गप्प आहात. इथेही तोंडी बोलण्यापेक्षा कागद मवाळ असतो. सगळ्या थकबाकीदारांना एकाच नमुन्याचं मागणीपत्र गेलं तर ते कोणाच्या नावाने उरत नाही. उपविधीप्रमाणे व्याज लावा, मधूनच एखाद्याला माफ करू नका. त्यानेही भागलं नाही तर उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करायच्या कायदेशीर आदेशासाठी) अर्ज करायची सोय कायद्यात आहे, आणि तो अर्ज टिकतो तो बिलांच्या, नोटिशींच्या आणि कमिटीच्या ठरावाच्या प्रतींवर. दर महिन्याची बिलं वेळेवर निघाली नसतील तर तिथेही अडेल.

अध्यक्षांबद्दल थोडं. ते वाईट आहेत असं मी धरत नाही. बहुधा त्यांनाही हे प्रकरण लवकर संपावं असं वाटतंय. पण पुढच्या वेळी ते इतिवृत्ताचं बोलले की फोनवर वाद नको. 'साहेब, हे मी करणार नाही. कमिटीची सभा शनिवारी ठेवते, तिथे ठरवू,' एवढं म्हणा आणि सभेची नोटीस सगळ्या अकराजणांना पाठवा. कमिटीतही कोणी तोच आग्रह धरला तर तुमची असहमती त्या दिवशीच्या इतिवृत्तात, तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. ते लिहिणं तर तुमचंच काम आहे.

राहिले काका. त्यांना उत्तर द्यायला उशीर करू नका. गप्प राहिलात की लपवाछपवीचा वास येतो, मग मागे काही नसलं तरी. लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून असं लिहा:

'आपला अर्ज मिळाला. सदर कामासाठी सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी घेतलेली नव्हती. याबाबतची वस्तुस्थिती व संपूर्ण खर्च विशेष सर्वसाधारण सभेत मांडण्यात येणार असून सभेची नोटीस आपणास स्वतंत्रपणे मिळेल. कोटेशन, बिले व व्हाउचर्स रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत सोसायटीच्या कार्यालयात पाहता येतील.'

पत्र स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्या. दार उघडलं तर आत जा, पाणी प्या. ओळखीची चार वाक्यं बोलून झाली की दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून त्यांची सही घ्या आणि ती प्रत जावक फाइलला लावा.